हॅलो, टेलवरून बोलतोय

2024 च्या गुढीपाडव्यापासून आमच्या गावच्या रेडिओनं बोलणं जवळजवळ बंद केलं. केंद्र बंद पडलं असं नाही. मनोरा उभा आहे, सकाळी प्रक्षेपण सुरू होतं, रात्री संपतं. मधल्या वेळात आता गाणी लागतात. पहाटे भक्तिगीतं, मग जुनी, मग नवी, दुपारी लोकगीतं, सांजेला फर्माईश आणि रात्री झोप न येणाऱ्यांसाठीची. दोन गाण्यांच्या मध्ये आधीच भरून ठेवलेला एक आवाज केंद्राचं नाव सांगतो आणि ‘ऐकत राहा’ म्हणतो. लोक ऐकतातही.

गाव म्हणजे हिंगोली आणि परभणीच्या मधलं एक तालुक्याचं ठिकाण. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि केंद्र चालवणाऱ्या मंडळींशी मला अजून बोलायचं आहे.

हा सामुदायिक रेडिओ. आपल्याकडं शिक्षणसंस्थांना 2002 पासून आणि स्वयंसेवी संस्थांना, कृषी विज्ञान केंद्रांना 2006 पासून असं केंद्र काढता येतं. ताकद एरवी फार तर 100 वॅट, म्हणजे आपल्या लहानपणी ओसरीत लटकायचा त्या पिवळ्या बल्बाएवढी. दहा-पंधरा किलोमीटरच्या पल्ल्यात आवाज स्वच्छ, त्यापुढं खरखर. मोठ्या शहरातल्या माणसाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. पण या पल्ल्यात आमची शिवारं येतात, मोंढा म्हणजे शेतमालाचा बाजार येतो, कालवा येतो आणि पाहुणेरावळेही येतात. इथं बोललेलं सगळ्यांच्या ओळखीचं असतं, आणि बोलणाराही.

मी गुरुवारी संध्याकाळी तिथं लोकांना बोलतं करायला जायचो. मानधन नव्हतं, चहा असायचा. स्टुडिओ म्हणजे वसतिगृहातली एक जादाची खोली. भिंतींना आधी अंड्यांचे ट्रे ठोकले होते, पुढं कुठूनतरी अनुदान आलं तेव्हा फोम लागला. माईक चालू असताना पंखा बंद ठेवावा लागायचा, नाहीतर घरघर सगळ्या तालुक्याला ऐकू जायची. मे महिन्यात आलेला पाहुणा घामानं निथळायचा आणि आपोआप थोडक्यात बोलायचा. हा पंख्याचा उपकार मी विसरणार नाही.

एका रब्बीची गोष्ट. हरभरा फुलावर होता, कालव्याला पाण्याची पाळी सुटली होती. कालव्यावरचे एक साहेब स्टुडिओत आले होते. माणूस भला, हातात टाइप केलेला कागद. वाचता वाचता म्हणाले, ‘सदर आवर्तनात पाणी शेवटच्या टोकापर्यंत पोहोचलेले आहे.’ तेवढ्यात फोन वाजला.

‘हॅलो, टेलवरून बोलतोय.’

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. मी म्हटलं, बोला, नाव सांगा, गाव सांगा. त्यानं दोन्ही सांगितलं.

‘साहेब पाणी पोचलंय म्हनायलेत. मी चारीतच उभा हाव. चप्पल बी ओली न्हाई. बाजूला कुत्रं निजलंय, मजेत.’

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. खोलीत चार-पाच सेकंद काहीच नाही, आणि रेडिओवर चार-पाच सेकंद म्हणजे फार. मग साहेबांनी कागद पालथा घातला आणि विचारलं, ‘कोणती चारी?’

कार्यक्रम तिथून सुरू झाला असं मी धरतो. वरच्या अंगाला कालव्याचं दार फोडलेलं होतं, पाणी उपसायला मोटारी टाकलेल्या होत्या. हे साहेबांना माहीत होतं, टेलवाल्याला माहीत होतं, आणि ज्यांनी मोटारी टाकल्या तेही घरी बसून ऐकत होते. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सगळ्यांच्या देखत कुणी म्हटली नव्हती, एवढंच. टेलला पाणी आलं का? आलं, उशिरा आलं आणि थोडं आलं. हरभऱ्याला एक भिजवण निघाली. रेडिओनं क्रांती केली असं लिहायला मला फार आवडलं असतं.

उलट झालं असं, की त्यानंतर साहेब लोक यायला कचरू लागले. आज मीटिंग आहे, उद्या दौरा आहे. बोलणं बंद पडायची सुरुवात माझ्या मते तिथून झाली, पैशाचा प्रश्न नंतर आला. खरं बोलणं सुरू झालं की बोलायला येणारे कमी होतात. गाण्यावर कुणी नाराज होत नाही. गाणं कुणाला ‘कोणती चारी’ असं विचारत नाही.

दुसरे आमचे नाना. मोंढ्यात आडतीवर उभं आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलेलं, डोळ्याला जाड भिंगं. रोज बीट म्हणजे लिलाव संपला की भाव घेऊन यायचे. आमच्याकडं हळदीचं पीक मोठं. ‘वसमत हळदी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या किती आधीपासून इथल्या लग्नांच्या तारखा हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात गेल्यावरच ठरतात. नाना कागदावरचं वाचायचे. कांडीचा किमान अमुक, कमाल तमुक, सर्वसाधारण अमुक. गट्टूचा वेगळा. मग चष्मा काढून म्हणायचे, ‘कमाल भावाची दोनच पोती होती बरं का. उगं टेम्पो भरून येऊ नका.’

ही शेवटची ओळ कुठल्याही ॲपवर नसते. भाव आज कुणाच्याही मोबाइलवर येतो, तीन आकडे स्वच्छ टाइप केलेले. पण कमाल भाव हा कुणातरी एकाच्या दोन पोत्यांना लागलेला असतो, आणि तो वाचून माणूस भाड्याचा टेम्पो करून पहाटे निघतो, हे नानांनी डोळ्यांनी पाहिलेलं. वर ते मोंढ्याच्या चौकातच राहतात. भाव चुकीचा सांगितला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दोन माणसं उभी असायची. नानांच्या प्रत्येक वाक्याला असा उद्याचा दिवस बांधलेला होता.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर वहिनी मला जेवायला वाढणार नाही.

‘बरं झालं भाऊजी,’ ती म्हणाली. ‘सकाळी सकाळी करपा अन् कंदकूज ऐकत भाकरी थापायचा कंटाळा आलता.’

तिचं खोटं नाही. आमचं बोलणं दर वेळी टेलवरच्या फोनसारखं नसायचं. बहुतेक वेळा ते फार कंटाळवाणं असायचं. डॉक्टर यायचे, ‘मधुमेह : कारणे, लक्षणे व उपाय’ वाचून जायचे. तज्ज्ञ यायचे, ‘75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये’ म्हणायचे. सल्ला सोळा आणे खरा, पण दर मिरगाला तोच, त्याच सुरात, आणि ज्याच्या शेजाऱ्यानं कालच तिफण काढली त्याच्या पोटातल्या गोळ्याबद्दल चकार शब्द नाही. पुढाऱ्यांचे वाढदिवस असायचे. शाळेतल्या मुलींना पाठ करून आणलेली भाषणं म्हणायला लावायचो, त्यातही ‘आपणा सर्वांना माहीतच आहे की’ असायचं. सर्वांना माहीतच आहे तर कशाला सांगायचं, हे मुलींनी विचारायला हवं होतं.

आणि श्रोत्यानं गाण्याकडं वळणं हे काही आजचं नाही. 1952 साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. मराठी माणूस, विद्वान, शास्त्रीय संगीताचे कैवारी. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असं त्यांचं ठाम मत, म्हणून आकाशवाणीवरून ती गाणी जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? बटण फिरवलं आणि रेडिओ सिलोन लावलं. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला आणि अमीन सयानींचा आवाज. शेवटी सरकारलाच 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली. बळजबरीनं उपदेश ऐकवता येत नाही, हे आपल्या देशानं एवढ्या खर्चानं शिकून ठेवलंय. तेव्हा गाणी लावली म्हणून मी कपाळाला हात लावून बसणार नाही. मी स्वतः मोटारसायकलवर जाताना कानात काय ऐकतो ते वहिनीला माहीत आहे.

तरीही मराठवाड्याला रेडिओ म्हणजे नुसती करमणूक कधीच नव्हती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा संस्थानांच्या मालकीची पाच रेडिओ केंद्रं देशात होती. म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि आपलं औरंगाबाद. पुण्याला तेव्हा रेडिओ केंद्र नव्हतं, ते आलं 1953 मध्ये. ही गोष्ट पुणेकरांना सांगायची संधी मी सोडत नाही. अर्थात निजामाचा रेडिओ निजामाचं बोलायचा, त्याला उलट फोन करायची सोय नव्हती. पुढं 1968 मध्ये परभणीला आकाशवाणी आली, 1972 मध्ये तिथंच कृषी विद्यापीठ झालं, आणि आमच्या भागातल्या घराघरांत 1305 किलोहर्ट्झवर शेतीची भाषा बोलली जाऊ लागली. मध्यम लहरीचा पल्ला लांब. आखाड्यावर, जिथं वीज नव्हती तिथंही, खुंटीला टांगलेला ट्रान्झिस्टर आणि त्यातले उन्हात तापवून पुन्हा पुन्हा वापरलेले सेल.

रेडिओनं ऐकायचं कसं, याचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. 1956 साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत दीडशेच्या आसपास गावं निवडली. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून आपण त्यात नाही. प्रत्येक गावात एक श्रोतृमंडळ. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम. लोक एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर बोलायचे, वाद घालायचे, आणि शंका लिहून केंद्राला पाठवायचे. त्या शंकांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल न्यूरथ यांनी त्याचं मूल्यमापन केलं. घोषवाक्य साधं होतं. ऐका, चर्चा करा, कृती करा. मला त्यातली परत जाणारी चिठ्ठी महत्त्वाची वाटते. गावातला माणूस लिहितो आणि पुण्याच्या स्टुडिओतल्या माणसाला ती वाचून पुढच्या खेपेचा कार्यक्रम बदलावा लागतो. आमच्या टेलवाल्यानं तेच केलं, चिठ्ठीऐवजी मोबाइलवरून.

तर माझं दुखणं गाण्यांबद्दल नाही हे मला हळूहळू कळत गेलं, आणि नीट कळलं ते जमीन हलली तेव्हा.

आमच्या हिंगोली जिल्ह्याला जमिनीच्या पोटातले आवाज नवे नाहीत. काही गावांत वर्षानुवर्षं गूढ आवाज येतात, भांडी वाजतात, माणसं रात्री उठून बसतात. आणि मराठवाड्यातल्या माणसाला भूकंप म्हटलं की 30 सप्टेंबर 1993 ची पहाटच आठवते. विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले, चारला काही मिनिटं कमी, आणि किल्लारी. तेव्हा आमच्याकडंही सकाळी पारावर रेडिओभोवती माणसं गोळा झाली होती. कुणाची लेक औशाला दिलेली, कुणाचा भाऊ उमरग्याला. त्या दिवशी कुणी गाणं शोधत नव्हतं.

21 मार्च 2024. सकाळी सहा वाजून गेले होते. तेव्हा आमच्या केंद्रावर पहाटेला अजून माणूस असायचा, एक बीएस्सी झालेली मुलगी, गावातलीच. भक्तिगीत चालू असताना जमीन हलली. लागोपाठ दोन धक्के, 4.5 आणि 3.6 तीव्रतेचे, केंद्रबिंदू आमच्याच जिल्ह्यात. हे आकडे अर्थात नंतर कळले. त्या क्षणी एवढंच झालं, की तिनं गाणं खाली घेतलं आणि बोलली, ‘आत्ता इथं माईकचं स्टँड हललं. मी एकटीच हाय. मला भास झाला का खरंच हललं, कुणीतरी फोन करून सांगा.’

बातमी सांगायचे हे काही नियम नाहीत. निवेदिकेनं घाबरलेल्या आवाजात बोलू नये असं तिला आम्हीच शिकवलं होतं. पण फोन सुरू झाले. आमच्याकडं मांडणीवरची गंज-पातेली पडली. आमच्याकडं म्हशी उठून उभ्या राहिल्या, दावं तोडायलेत. एक आजी म्हणाली, ‘माय, तू भाईर जाऊन उभी राहा आधी, आमचं काय.’ तिनं गाव विचारावं, नाव विचारावं, पुढचा फोन घ्यावा. घरांवरच्या पत्र्यांना आधाराला दगड ठेवलेले असतात, ते उतरवा, असं एकानं सुचवलं. पुढं प्रशासनाचीही तीच सूचना आली आणि तिनं ती परत परत वाचली. ‘साडेआठला परत मोठा येणार हाय म्हनायलेत’ असाही एक फोन आला. तिनं शांतपणे विचारलं, ‘कोण म्हनायलंय?’ पलीकडचा म्हणाला, ‘मोबाइलवर आलंय.’ ‘मोबाइलवर कुणी पाठवलंय?’ त्याला सांगता आलं नाही. एवढ्यानं अफवेतली अर्धी हवा गेली.

इथं एक नियमाचं सांगून टाकतो, कारण संस्थेच्या मंडळींना त्याची फार भीती वाटते. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा इथल्या बोलीत भाषांतर करून लावता येतात, तेवढंच. पण हवामान, वीज आणि पाणी बंद राहण्याच्या सूचना, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकऱ्या, आपत्तीचे इशारे या गोष्टी बातम्यांत धरल्याच जात नाहीत. म्हणजे आमच्या गावाला ज्याची गरज आहे ते जवळपास सगळं नियमात बसतं. न बसणारं राजकारण आहे, आणि त्याची टंचाई आमच्याकडं कधी नव्हती.

मग पाडवा झाला, गाणी आली. पहाटेच्या मुलीला ‘सध्या गरज नाही’ म्हणून सांगितलं गेलं. संगणकात एक प्रणाली बसवली, ती आदल्या रात्री लावून दिलेली गाणी एकापाठोपाठ एक वाजवते, मधे जाहिरात घालते, वेळ सांगते. खोलीला कुलूप.

10 जुलै 2024. सकाळी सात वाजून चौदा मिनिटं. पुन्हा 4.5. या वेळी आम्ही सगळे अंगणात, शेजारी रस्त्यावर, लेकरं रडायलेली, कुणाच्या अंगावर टॉवेल. फोन लागेना, सगळेच एकमेकांना लावत होते. वहिनीनं धावत जाऊन रेडिओ बाहेर आणला, तिला मार्चची सवय. त्यावर एक प्रेमगीत चालू होतं. ते संपलं. दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात झाली. मग तो भरून ठेवलेला आवाज म्हणाला, ‘ऐकत राहा,’ आणि दुसरं प्रेमगीत लागलं. आम्ही सगळे अंगणात उभं राहून ते ऐकत होतो. केंद्रातलं कुणी येऊन दोन ओळी सांगेपर्यंत लोक परत घरात शिरून भाकरीला लागलेसुद्धा होते. वहिनी गाण्यांच्या बाजूची. तिनंच खटका दाबून रेडिओ बंद केला.

गाणं वाईट नव्हतं. खोलीत माणूस नव्हता, म्हणून आम्हाला ते असह्य झालं. तीच मुलगी तिथं असती आणि तिनं सबंध सकाळ गाणीच लावली असती, मध्ये फक्त एकदा ‘मीही बाहेर जाऊन आले’ म्हणाली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. बोलणं की गाणं हा वाद मला आता खोटा वाटतो. फोन उचलायला कुणी आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

हेच विचारायला मी केंद्रावर गेलो. केंद्रप्रमुख माझीच विद्यार्थिनी. तिनं चहा मागवला, ऐकून घेतलं आणि वही उघडली. जाहिरातीचे सरकारी दर फेब्रुवारी 2024 मध्ये वाढले, दहा सेकंदांना 52 रुपयांवरून 74. तासाला 7 मिनिटांऐवजी 12 मिनिटं जाहिराती घ्यायची मुभाही जाहीर झाली. कागदावर बरं आहे. पण मुभा म्हणजे जाहिरात नव्हे. सरकारी जाहिरात कधी येईल आणि आलेल्या जाहिरातीचे पैसे कधी येतील हे कुणी सांगू शकत नाही, आणि वीजबिल मात्र महिन्याच्या महिन्याला येतं. मोठ्या शहरांतल्या खासगी एफएमवाल्यांचंही गणित शेवटी हेच. 2010 मध्ये कॉपीराइट मंडळानं ध्वनिमुद्रणांचं स्वामित्वधन, म्हणजे गाणी वाजवण्याचा मोबदला, त्यांच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या 2 टक्के ठरवलं होतं. माणसाला पगार द्यायचा तर तो असा टक्केवारीत देता येत नाही. पहिल्या तारखेला सबंध द्यावा लागतो.

‘बोलण्याचा एक तास उभा करायचा म्हणजे काय लागतं, तुम्हाला माहीत आहे सर,’ ती म्हणाली. ‘पाहुण्याला चार फोन, गाडी पाठवा, रेकॉर्डिंग, मग त्यातले खोकले काढत बसा. गाण्याच्या तासाला मी एकदा बटण दाबते.’

मी म्हटलं, मी तर फुकट यायचो.

‘म्हणूनच तुम्हाला वाटतं सर, बोलणं फुकट असतं.’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पहाटेच्या मुलीला किती मिळायचे हे मी कधी विचारलंही नव्हतं. ती आता हिंगोलीला एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते. तिथं पगार वेळेवर होतो.

केंद्रप्रमुखाचा आणखी एक मुद्दा होता, आणि तो चांगला होता. नियमानुसार निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार झालेले लागतात. तिनं त्यासाठी आसपासच्या गावांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळं, पोतराज, गोंधळी यांची गाणी भरून घेतली आहेत. काही फार सुंदर आहेत. एका ओवीत सुनेनं सासऱ्याच्या विहिरीचं असं काही वर्णन केलंय, की कुठल्याही चर्चासत्रात पाणीप्रश्न इतका नेमका मांडलेला मी ऐकला नाही. म्हणजे गाणंही बोलतं, हे मी तिथंच मान्य केलं.

परत येताना डोक्यात कीर्तन आलं. आमचा जिल्हा नामदेवांच्या नर्सीचा. इथं कीर्तन म्हणजे श्वास घेण्याइतकी रोजची गोष्ट, सप्ताह नाही असं गाव दाखवा. आणि कीर्तनात काय असतं? टाळ-मृदंग लागतो, माणसं गोळा होतात. बुवा अभंग घेतात, चाल धरतात, सगळ्यांना म्हणायला लावतात. माणूस गाण्यात सैल झाला की थांबतात आणि बोलायला लागतात. सुनेला छळणाऱ्या सासूबद्दल बोलतात, बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याबद्दल बोलतात, आणि तो शेजारी समोर बसलेला असतो. फार झालं असं वाटलं की पुन्हा चाल. आमचे बुवा बोलण्यात वाहवत गेले की मृदंगवाला हळूच थाप देतो, सगळ्यांना कळतं. आम्ही रेडिओवर नुसतं निरूपण लावून ठेवलं होतं, आता नुसती चाल लावून ठेवली आहे. आणि दोन्ही वेळा मृदंगवाला ठेवला नाही.

केंद्रप्रमुखानं शेवटी तोड काढली. रोज सकाळी एक तास, माणूस समोर, फोन चालू, पाण्याची पाळी, मोंढ्याचा भाव, वीज कधी जाणार, कुणाचं काय हरवलं. नाना यायला तयार आहेत. पहाटेची मुलगी नाही, पण तिची धाकटी बहीण आहे. पगार मात्र प्रायोजकानं द्यायचा आणि प्रायोजक मी आणायचा. ‘तुमचे विद्यार्थी सगळ्या बाजारात आहेत सर,’ असं म्हणून तिनं माझ्यावर टाकलं.

म्हणून मी मोंढ्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो. शेठ माझा विद्यार्थी नाही, त्याचा मुलगा होता, आणि तो गणितात नापास व्हायचा हे शेठच्या लक्षात आहे. तरी त्यांनी बसायला खुर्ची दिली. खताच्या पोत्यांचा वास, काउंटरवर बियाण्यांच्या पिशव्या, मागं कॅलेंडरवर लक्ष्मी. मी सगळं सांगितलं. टेलवाला, नानांची दोन पोती, जुलैची सकाळ. शेठ ऐकत होते, मधेच एका गिऱ्हाइकाला बुरशीनाशक देत होते आणि पक्की पावती घ्या म्हणून बजावत होते.

‘तुम्ही तेच करायला लागलात गुरुजी,’ ते मग म्हणाले. ‘आलात तसं बोलायलात. मी गिऱ्हाईक सोडून ऐकायलो का?’

मी गप्प.

‘जाहिरात देतो. सहा महिने देतो. पण सुरुवातीला एक गाणं पाहिजे. चांगलं. माणूस तेवढ्यात हातातलं काम ठेवतो. मग नानाला बोलू द्या. नाना लांबले की परत गाणं.’

मी म्हटलं, चालेल. हिशेब लिहून घेतला, पोरीचा पगार पहिल्या तारखेला द्यायचा हेही लिहून घेतलं, शेठनी सही केली. सुरुवातीचं गाणं कोणतं, यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. शेठना हवं ते गाणं नानांना चालत नाही, नानांना चालतं ते ऐकून वहिनी रेडिओ बंद करते. सोमवारी पुन्हा बसायचं ठरलंय, मोंढ्याला सुटी असते.